अर्ध्यावर परत आलेलं पुस्तक

"हे घ्या तुमचं पुस्तक. अर्धंच वाचलं," म्हणत ताईंनी पुस्तक टेबलावर जवळजवळ आपटलंच.

ग्रंथपाल चाट पडला. ताई शिवणकाम करायच्या आणि दृष्टी गेलेल्या वडिलांना रोज वाचून दाखवायच्या. त्याने दिलेलं पुस्तक त्यांनी कधी अर्धवट टाकलं नव्हतं. खऱ्या घटनांवरची पुस्तकं खपवावीत तर यानेच! गोष्ट रंगवून रंगवून सांगायची आणि नेमकी मोक्याच्या जागी तोडायची, की वाचक पुस्तक काखोटीला मारून गेलाच म्हणून समजा. गिरणीच्या आगीचं हे पुस्तकही त्याने ताईंच्या गळ्यात असंच मारलं होतं. "आत माणसं होरपळतायत आणि तो नालायक रखवालदार फाटकाला कुलूप घालून पळाला! पुढचं तुम्हीच वाचा."

"तो रखवालदार म्हणजे आमचे बाबा," ताई म्हणाल्या. "वाचता वाचता त्यांचंच नाव आलं. मला जन्मभर सांगत आले, की आग लागली तेव्हा ते गोदामात होते. ते नाव वाचल्यापासून मी बोललेली नाही त्यांच्याशी."

ग्रंथपालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'नालायक' म्हणताना काय मजा आली होती त्याला! संध्याकाळी पुस्तक घेऊन तो माफी मागायला त्यांच्या घरी गेला.

आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. म्हातारा खाटेवर बसला होता. माफीबिफी त्याने ऐकूनच घेतली नाही.

"पुस्तक आणलंय ना? मग वाचा पुढे. ही काही वाचत नाही. त्या आत अडकलेल्या लोकांनी मला शिव्याच घातल्या असतील, नाही का?"

ते पान ग्रंथपालाला तोंडपाठ होतं. कितीजणांना त्याने ते तिखटमीठ लावून सांगितलं होतं!

"आगीतून बचावलेला एक कामगार सांगतो," त्याने कसंबसं वाचलं, "'आम्ही त्याला शेवटपर्यंत हाका मारत होतो. तो किल्ली घेऊन येतोय, असंच वाटत होतं आम्हाला.'"

"ऐकू येत होत्या मला," म्हातारा म्हणाला. "मी पळालो नव्हतो. फाटकाबाहेरच उभा होतो. मालक म्हणाले, उघडू नकोस, लोक माल लुटून नेतील."

शिवणयंत्र थांबलं. ताई दारात आल्या. "अहो बाबा, मग हे सांगायचं नाही का? मी वाचलं तिथपर्यंत तर मालकाचा उल्लेखसुद्धा नाही!"

"आपण लेखकाला कळवू ना," ग्रंथपाल घाईघाईने म्हणाला. त्यालाही आपल्या मनावरचं ओझं कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं.

"कशाला? किल्ली माझ्याच हातात होती."

ताईंनी पाण्याचा पेला आणून बाबांच्या हातात दिला. पाणी त्यांच्या अंगावर सांडायला लागलं. ताईंनी आपला हात त्या हातावर ठेवला आणि पाणी पिऊन होईपर्यंत काढला नाही.