मावशीचं नाक

त्या दिवशी मी लोहाराच्या दारात गेले ती भांडायच्याच तयारीनं. गवत वाळून उभं होतं, वारं असं सुटलेलं की आणखी दोन दिवस थांबलं तर सगळं आडवं होऊन मातीत जाणार. आणि हा बाबा मला रोज उद्यावर ढकलत होता. माझा विळा कोळशाच्या ढिगाजवळ टाकलेला, तसाच होता, धारेचा पत्ता नाही. मी म्हटलं, अरे, मी काय आता दातांनी गवत कापू? तर हसला. तोंडभर हसायचा तो, त्याच्यावर राग धरताच यायचा नाही. खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला आणि म्हणाला, काकू, संध्याकाळी नक्की देतो. त्याचं नक्की मी चांगलं ओळखून होते.

आतून त्याची आई बोलली, देईल गं, कशाला तोंड वाजवतेस. तिला आख्खी आळी मावशी म्हणते. डोळे गेल्यात जमा, पण कान आणि नाक असं तयार की कुणाच्या चुलीवर दूध करपलं ते आधी तिला कळायचं, मग त्या घरातल्या बाईला.

या नाकाचं सांगायलाच हवं. मावशीचा नवरा दारूनं गेला. हाताला कसब असलेला माणूस, त्यानं पाणी दिलेला विळा वर्षानुवर्षं धार सोडायचा नाही. पण प्यायला आणि संपला. घरातली भांडीकुंडी, गाय, दाराची कडीसुद्धा विकून प्यायला. राहिली ती फक्त ऐरण. पोर तेव्हा लहान होतं. तेव्हाच मावशीनं मनाशी ठरवलं, याच्या तोंडाला तो वास लागू द्यायचा नाही.

म्हणून रोज संध्याकाळी भट्टी विझली की लोहारानं उंबऱ्यावर तिच्यासमोर बसायचं आणि तिनं म्हणायचं, "हा कर." एवढा मिशीवाला बाप्या, तोंड उघडून तिच्या चेहऱ्यावर श्वास सोडायचा. ती वास घ्यायची, तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि मग म्हणायची, "जा, हात धू." लग्न झालं तरी हे चुकलं नाही. आळी हसायची. मीही हसायचे. आमच्या ह्यांना असं हा करायला लावलं तर शेजाऱ्यांना घरं सोडावी लागतील, असं मी म्हणायचे. पण खरं सांगते, हसता हसता हेवा वाटायचा. सगळ्या आळीत धडधाकट, निर्व्यसनी म्हणून याचंच नाव घेतलं जायचं.

सून आली तीही गुणाची. शिवणकाम करायची. तिच्या लक्षात आधी आलं. एक दिवस माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, काकू, हे फोनवर पैसे लावतात. खेळ कुठलाही असो, लावतात. गेले की ते परत आणायचे म्हणून पुन्हा लावतात. विचारलं की अंगावर येतात. माझं शिवणयंत्र दुरुस्तीला नेतो म्हणाले, ते अजून आलेलं नाही. मी म्हटलं, सासूला सांग. तिनं सांगितलं.

मावशीनं लेकाला समोर बसवलं. हा कर. त्यानं केलं. वास नाही. झालं, मावशीचा निकाल लागला. माझ्या लेकाचं तोंड स्वच्छ आहे, घाण तुझ्या मनात आहे, असं तिनं सुनेला भर दारात सुनावलं. सून आत वळली. कपडे बांधले आणि माहेरी गेली. लोहार तेव्हा भट्टीशी पाठ करून उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही, की आईचं खोडलं नाही.

तर त्या विळ्याच्या दिवशीच दुपारी नर्सबाई आल्या. त्या आल्या की लोहाराच्या छपरात बसतात, सावली तिथं बरी असते. रक्तदाब बघतात, तंबाखू-दारूचं विचारतात. मावशीच्या दंडाला पट्टा बांधलेला होता आणि लोहार समोरच उभा होता. या खेपेला बाईंनी मोठ्या माणसांना दोन प्रश्न जास्तीचे विचारले. पैसे लावून खेळताना आणखी, आणखी लावावेत असं कधी वाटलंय का? आणि किती लावता, याबद्दल घरच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलंय का?

लोहार तोंडभर हसला. म्हणाला, छे हो बाई, आम्ही कामाची माणसं.

बाईंनी जोर केला नाही. एवढंच म्हणाल्या की दोहोंतल्या एकालाही हो असेल तर माझ्याकडे या, पुढं सविस्तर बोलू, दवाखान्यात यासाठी माणूस बसतो. हाही आजारच आहे, त्यात लाज नाही. घरातल्या वस्तू नाहीशा होतात, कामात मन राहत नाही, माणूस चिडका होतो, असं बरंच त्या सांगत होत्या. मी लोहाराकडे बघत होते. मावशीनं मान खाली घातली होती. पट्टा सोडला तरी तिनं दंड तसाच पुढं धरलेला होता.

संध्याकाळी मी विळा न्यायला गेले. तयार नव्हताच. लोहार येऊन उंबऱ्यावर बसला आणि सवयीनं तोंड उघडलं. मावशीनं हात आडवा केला.

"हा नको करूस. ऐरण कुठंय?"

"दुरुस्तीला दिलीय. सांगितलं ना तुला, कोपरा उडाला होता."

"सुनेचं यंत्रही दुरुस्तीलाच गेलं होतं."

मावशी म्हणाली, तू रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठोकतोयस, चिरका आवाज येतो, मला रोज ऐकू येतंय. ऐरणीचा आवाज जमिनीत उतरायचा, मला बसल्या जागी पायाखाली कळायचा. तुझ्या बापानं दाराची कडी विकली, पण ऐरणीला हात लावला नाही.

मी निघून जायला हवं होतं. पण तिथंच उभी राहिले.

"माझ्याशी खोटं बोलतोस का रे?"

आणि लोहारानं काय करावं? त्यानं पुढं वाकून पुन्हा हा केलं. लहान पोरानं करावं तसं. म्हणाला, "बघ ना आई. नाही ना वास?"

मावशीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं मारणार. पण तिनं ते नुसतं धरून ठेवलं.

"एकदा हो म्हण, बाळा. मी काही करत नाही तुला."

तो "हो" म्हणाला आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडला.

आता तो दवाखान्यात जातो. मीच पहिल्यांदा दोघांना घेऊन गेले. तिथल्या माणसानं सांगितलं की पाय घसरेल, पुन्हा उठायचं, यायचं सोडायचं नाही. घसरतोही. फोन आता मावशीच्या उशाखाली असतो, पण गावात फोन काय एकच आहे?

मावशीला घेऊन मी सुनेकडेही गेले. सुनेनं बसायला दिलं, पाणी दिलं. मावशी म्हणाली, माझं चुकलं पोरी, मला त्याच्या बापाचाच वास ठाऊक होता. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तेव्हा मी सांगत होते, आई. आणि आमच्याबरोबर परत आली नाही. परतीच्या वाटेवर धूळ उडत होती. मावशीचा हात माझ्या खांद्यावर होता.

रोज संध्याकाळी तो उंबऱ्यावर बसतोच. मावशी विचारते, आज लावलेस? तो म्हणतो, नाही. तिचं नाक अजून सवयीनं हलतं. काल मला म्हणाली, "दारूला निदान वास होता गं. तू बघ त्याच्याकडं. तुला तरी दिसतंय. खरं बोलतोय का?"

मी बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला, तोंडभर, नेहमीसारखाच. त्या हसण्यातलं मला काहीही कळलं नाही.

"खरं बोलतोय, मावशी," मी म्हटलं.

"जा," ती त्याला म्हणाली, "हात धू."