शारांतकाठची तिसावी फेरी

सकाळी आठला निघालेली माणसं अकरा वाजून दहा मिनिटांनी कुणाच्या तरी कुंपणाशी टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत उभी असतील, तर याला सायकलफेरी म्हणायचं की पाहुणचार, हे ओदिलला कुणीतरी एकदाचं सांगून टाकायला हवं होतं.

"भाऊजी," ती दात आवळून म्हणाली, "चला."

"आलोच, वहिनी," फिर्मां म्हणाला आणि कुंपणावर दुसरंही कोपर टेकून आणखी ऐसपैस उभा राहिला.

फिर्मां तिचा धाकटा दीर. वय सहासष्ट, लग्नाच्या फंदात न पडलेला, मंडळाच्या हिरव्या जर्सीतून पोट दोन बोटं पुढं आलेलं. त्याचं 'आलोच' म्हणजे काय असतं हे ओदिलला आज सकाळपासून चांगलंच कळलं होतं. पहिल्या गावात त्यानं भेटीच्या रिवाजानं तंबाखूवालीच्या गालांच्या चार पाप्या घेतल्या. दोन पुरल्या असत्या, पण नदीच्या त्या काठाला चारची पद्धत, आणि दुकानात तेव्हा सहा माणसं होती. सहा चोक चोवीस! शिक्का मारायला तीन सेकंद लागले, पाप्यांना बारा मिनिटं. दुसऱ्या गावात कुणाची तरी नवीन मोटार बघितली. तिसऱ्यात गळ टाकून बसलेल्या माणसाला मासा का लागत नाही हे त्या माणसालाच बराच वेळ समजावून सांगितलं.

आणि त्याला मागं टाकून पुढं निघून जावं, तर तीही सोय नाही. इथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं. व्हियेपोंच्या सायकल मंडळाचा नियम असा की जोडीनं नाव नोंदवलं की जोडीनंच पोचायचं. शारांत नदीच्या काठाकाठानं पंच्याहत्तर किलोमीटर, वाटेत सहा गावं, प्रत्येक गावच्या दुकानात दोघांच्या पत्रकांवर शिक्का, आणि सातवा शिक्का पाचच्या आत व्हियेपोंच्या पुलावर. दरवर्षी जूनचा पहिला शनिवार. सलग तीस वर्षं जी जोडी हे करील तिच्या नावाची निळी पाटी पुलाच्या कठड्यावर लागते. मंडळाच्या सबंध इतिहासात अशा पाट्या दोनच.

तिसरी लागायची होती आल्बां आणि फिर्मां या भावांची. एकोणतीस वर्षं झाली होती. आणि एप्रिलमध्ये आल्बांनं, म्हणजे ओदिलच्या नवऱ्यानं, पन्हाळीतला पाचोळा काढताना शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडून घेतलं.

"राहू दे गं, ओदिल," तो पलंगावरून म्हणाला होता. "एकोणतीस पुरे झाल्या."

सत्तर वर्षांचा माणूस, तोंडापर्यंत आलेला घास जातोय आणि वर तिलाच समजावतोय! ती तडक मंडळाच्या सर्वसाधारण सभेत गेली. तिथं तीन तास भांडण झालं, दोघांनी राजीनामे दिले, दोघांनी परत घेतले, आणि शेवटी हात वर करून ठरलं की सायकल आल्बांची असली म्हणजे झालं, तिच्या बैठकीवर कोण बसतंय हा त्यांचा घरगुती प्रश्न. ओदिलनं बैठक खाली केली. तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेले पाय होते तिचे, पंच्याहत्तर किलोमीटरला ती भिणार नव्हती. या खोऱ्यात धड एक चढ नाही. रस्ता नदीला सोडत नाही आणि नदीला कसली म्हणून घाई नाही. या रस्त्यावर उशीर व्हायला फिर्मांच लागतो.

"भाऊजी! मार्सायची बेकरी बाराला बंद होते!"

"माहीत आहे की. एकोणतीस वर्षं येतोय."

"मग हला ना तिथून!"

तो हलला. पण पिशवीत चार रोपं घेऊनच, आणि मग ती रोपं मोडू नयेत म्हणून अशा बेतानं पेडल मारायला लागला की मागून ट्रॅक्टर पुढं निघून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढून नमस्कार केला. फिर्मांनं नमस्कारासाठीसुद्धा ब्रेक दाबला. ओदिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या गावी, मार्सायला, पोचले तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. बेकरीची जाळी खाली. आतून पावाचा नाही, लसणीचा आणि कोंबडीचा वास. ओदिलनं जाळी धडाधडा वाजवली.

"बंद आहे!" वरच्या खिडकीतून बेकरीवाली रेमोंद ओरडली. तिच्या गळ्यात रुमाल खोचलेला होता.

"रेमोंद, मी ओदिल! फक्त शिक्का दे गं! दोन शिक्के!"

"शिक्कासुद्धा जेवायला बसलाय. तीन वाजता ये."

"अगं चार मिनिटं झालीत फक्त!"

"मग बाराला चार कमी असताना यायचं. आल्बांही असाच. गेल्या वर्षी बाराच्या ठोक्यानंतर टपकला, आणि आरामात बाकावर पसरला. घड्याळं नाहीत का तुमच्या घरात?" खिडकी बंद झाली.

गावात दुसरं दुकान नाही. नगरपालिकेची बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ओदिलनं तिथल्या तिथं, चौकात, आल्बांची सायकल झाडाला टेकवली आणि हिशेब केला. तीनला शिक्का, पुढं तीस किलोमीटर, मध्ये आणखी दोन गावं. दोन तास. रडायची वेळ होती खरं तर, पण राग इतका होता की रडण्याला जागाच उरली नव्हती.

फिर्मांनं मात्र बाकावर चौकड्याचा रुमाल अंथरला. मुळे काढले, लोणी काढलं, सॉसेज, पाव, चाकू, वाइनची छोटी बाटली. मिठाची पुडीसुद्धा! हे सगळं सकाळीच बांधून आणलेलं होतं. ज्या माणसाला बाराच्या आत पुढं जायचंय तो बाकावरच्या जेवणाला मिठाची पुडी बांधून आणत नाही.

ओदिल त्या पुडीकडे बघत राहिली.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"मुळा घे, वहिनी. कोवळा आहे."

"भाऊजी, मी टपालखात्यात आयुष्य काढलंय. थापा मारणारी माणसं मला पाकिटावरच्या अक्षरावरून कळतात. तुम्ही मुद्दाम उशीर केलात!"

फिर्मांनं मुळ्याला लोणी लावलं, पण तो खाल्ला नाही. त्याची मान खाली गेली.

"तीस झाल्या की तो सायकल खुंटीला टांगणार आहे," तो म्हणाला. "तसा शब्द दिलाय त्यानं. तुलाच."

दिला होता. कधीतरी दहाव्या की अकराव्या फेरीच्या वर्षी. नुसता जूनचा शनिवार असता तर गोष्ट वेगळी. पण या दोघांचा सराव फेब्रुवारीपासून चालायचा, दर शनिवारी. ओदिलच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस शनिवारी आला आणि हे दोघं चिखलानं माखून केक संपल्यावर उगवले. त्या रात्री तिनं आल्बांकडून शब्द घेतला: तीस कर, पाटी लाव, आणि मग शनिवार माझे. तो लगेच हो म्हणाला होता. वीस वर्षं पुढची गोष्ट, हो म्हणायला काय जातं?

"एक चुकली की मोजणी पुन्हा एकपासून," फिर्मां म्हणाला. "म्हटलं, चुकू दे. मला दुसरं कोण आहे गं, शनिवारी?"

ओदिलला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. "आणि तुमच्या भावाचं काय? तो तिकडे पुलावर कुबड्या घेऊन बसलाय. त्याच्या पाटीचं काय? स्वतःपुरतं बघायचं, आणि तेही सहासष्टाव्या वर्षी! लाज वाटत नाही?"

"वाटते," फिर्मां म्हणाला.

"मग जेवा पटापटा. तीनला निघायचंय, आणि वाटेत कुणालाही नमस्कार करायचा नाही. कुणी मेलेलं दिसलं तरी."

तीनला जाळी वर गेली. शिक्के घेतले आणि ओदिलनं जी सायकल काढली ती काढलीच. पॉप्लरच्या रांगा, सूर्यफुलांची शेतं, गिरणी, सगळं बाजूनं निघून जात होतं आणि ती मागं न बघता ओरडत होती, "भाऊजी, पाय!" पाचव्या गावात फिर्मांनं दारातूनच पत्रक पुढं केलं. सहाव्यात एका आत्याबाईंनी गाल पुढं केले तर ओदिलच मध्ये आली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी." फिर्मांचा चेहरा बिटासारखा झाला होता, टोमॅटोची रोपं केव्हाच मान टाकून बसली होती, पण तो बिचारा तक्रार न करता मागं चिकटून होता. लाज खरंच वाटली असावी त्याला.

व्हियेपोंचा पूल दिसला तेव्हा चर्चच्या घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती.

पुलावर गर्दी होती. टेबलामागं मंडळाचा चिटणीस गोंत्रां, निवृत्त स्टेशनमास्तर, जो आजही पाचच्या ठोक्याला शाईच्या डबीचं झाकण लावतो म्हणजे लावतो. टेबलाच्या बाजूला खुर्चीत आल्बां, कुबड्या मांडीवर. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आल्बांनं मान वळवली आणि त्याला ती दोघं दिसली.

त्याचा चेहरा पडला.

हसू आलं, पण नंतर, ओढून आणलेलं. मग तोही टाळ्या वाजवायला लागला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ओदिल त्या चेहऱ्याशी चाळीस वर्षं संसार करत होती. 'राहू दे गं, एकोणतीस पुरे झाल्या.' म्हणजे तो तिला समजावत नव्हता, विनवत होता! आणि ही शहाणी सभा गाजवून आली होती.

टेबल वीस पावलांवर असताना तिनं ब्रेक दाबला, सायकल कठड्याला लावली, कठड्यावर बसली आणि उजव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"ओदिल!" गोंत्रां ओरडला. "तीन मिनिटं राहिलीत!"

"बुटात खडा गेलाय."

"अगं, लंगडत ये! वीस पावलं तर आहेत!"

"तुझ्या बुटात गेला असता तर आला असतास का लंगडत? बस गप!"

टाळ्या थांबल्या. लोक हाका मारायला लागले, कुणी म्हणालं उचलून आणा तिला. फिर्मां धापा टाकत तिच्यासमोर उभा होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग खुर्चीतल्या भावाकडे बघितलं, आणि तिच्या शेजारी बसून आपल्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला.

"तुम्हाला काय झालं?"

"माझ्याही गेलाय, वहिनी."

ठोके पडले. पाच. गोंत्रांनं डबीचं झाकण लावलं. "नियम म्हणजे नियम. एकोणतीस. पुढच्या वर्षी एकपासून."

ओदिलनं सावकाश बूट घातला, नाडीची दुहेरी गाठ मारली आणि सायकल ढकलत आल्बांसमोर नेली. त्यानं हँडल धरलं, ते सोडवेना त्याला.

"खडा होता?" त्यानं विचारलं.

"होता. वीस वर्षांपूर्वीचा. दिला नदीत टाकून." मग तिला राहवलं नाही. "तोंड होतं ना रे तुला? मला सांगता येत नव्हतं? मी त्या सभेत घसा फोडून आले, पंच्याहत्तर किलोमीटर तुझ्या या भावावर ओरडत आले, आणि तुला नकोच होतं!"

"तू शब्द घेतला होतास."

"घेतला होता. आणि तो अजून आहे. तीस फेऱ्या पुऱ्या झाल्या की सायकल खुंटीला, त्याच्या आधी नाही. मोज."

आल्बांनं मोजलं. ओठ हलताना दिसले.

"शंभर वर्षांचा होईन मी."

"हो," ओदिल म्हणाली. "आणि तोवर मार्सायला बाराच्या आत पोचायला शिक."