ब्रॅम्ली घराण्याचा मूळपुरुष

श्यामलाने आरसा गुडघ्यावर टेकवला आणि ऊन तिरपं करून थडग्याच्या दगडावर टाकलं. झिजलेली अक्षरं हळूहळू वर आली. गेल्या आठवड्यात तिने ती एकटीने वाचली होती, आणि तेव्हापासून आजच्या रविवाराकडे डोळे लावून बसली होती.

"आई, लीव्ह इट ना," ईशिता हळूच म्हणाली. आईला सोबत म्हणून ती लंडनमधल्या ईलिंगहून आली होती. "म्हातारा आहे तो ब्रॅम्ली. आणि सगळं गाव बघतंय."

"बघू दे. तुझ्या बाबांच्या वेळी त्याने दयामाया दाखवली होती का?"

लिटल वेनिंग हे केंब्रिजपलीकडचं, शेतांत दडलेलं गाव. श्यामलाचा नवरा रघुवीर तिथे उभं आयुष्य डॉक्टर होता. अख्ख्या गावाचे घसे त्याने तपासले होते, आणि ब्रॅम्लीच्या आईला तर शेवटचं वर्षभर तो घरी जाऊन बघत होता. तो गेल्यावर श्यामलाने चर्चच्या आवारात त्याच्या नावाचं एक बाक ठेवायची परवानगी मागितली. ब्रॅम्ली चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष. त्याने तिला चहा दिला, बिस्किटं दिली आणि मधाळ आवाजात सांगितलं, की आवार जुन्या घराण्यांसाठी आहे, ज्यांची मुळं इथली आहेत त्यांच्यासाठी. बाक बसथांब्यापाशी चालेल का? श्यामलाने निमूटपणे चहा संपवला. तो घोट अजून तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

मग ती गावाच्या इतिहास मंडळात शिरली. तिला सेवाबिवा काही करायची नव्हती. ब्रॅम्लीचं जुनं घराणं मुळापासून उकरायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. त्यासाठी ती थंडीवाऱ्यात दगडांपुढे बसली, मऊ ब्रशने शेवाळ झाडत राहिली, आणि मंडळातल्या बायका तिच्या चिकाटीचं कौतुक करत राहिल्या.

आज मंडळाची वार्षिक आवारफेरी होती. लोक एकेका दगडापाशी थांबत, जुन्या कथा ऐकत पुढे सरकत होते. काठी टेकत ब्रॅम्ली जवळ आला.

"मिस्टर ब्रॅम्ली, हे तुमचे मूळपुरुष," श्यामला म्हणाली. मागच्यांनाही ऐकू जाईल इतका आवाज तिने चढवला होता. "यांच्याआधी या गावात ब्रॅम्ली कोणी नव्हतंच."

आणि तिने वाचून दाखवलं. थॉमस ब्रॅम्ली. चर्चच्या देवडीत टाकून दिलेलं मूल. आईबाप अज्ञात. नावही गावानेच दिलेलं. शेवटचे शब्द तिने चवीचवीने उच्चारले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

ब्रॅम्ली वाकला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"टाकलेलं पोर. आणि मी जन्मभर सरदार-दरकदारांच्या गप्पा मारतोय," तो म्हणाला. त्याने बायकोला हाक मारली. "मार्जरी, इकडे ये. आपण कोणाचेच नाही आहोत."

लोक हसले. मार्जरीने फोन काढून त्याचा दगडाशेजारी फोटो घेतला. श्यामलाला काही कळेना. तिच्या माहेरी असल्या गोष्टीपायी माणसांनी विहीर जवळ केली असती.

"आता तुमच्या बाकाला नाही म्हणायला मला तोंडच उरलं नाही," ब्रॅम्ली डोळे पुसत म्हणाला. "चुकलं माझं. कमिटीपुढे मी स्वतः मांडतो. डॉक्टरांचं घराणं कुठलं?"

रघुवीर अनाथाश्रमाच्या पाळण्यात सापडला होता. आडनावही आश्रमाने दिलेलं. 'आधी त्याच्या बापाचं नाव सांग, मग लग्नाचं बोल,' असं तिचे वडील म्हणाले होते, आणि तेवढ्या एका वाक्यावर ती नेसत्या साडीनिशी बाहेर पडली होती. पण घर सुटलं तरी घराण्याचा तोरा काही सुटला नाही. विलायतेत कोणी विचारलं, की ती त्याच्यासाठी एक घराणं रचून सांगायची. पोटच्या मुलीलाही तिने तेच सांगितलं. तेव्हा रघुवीर नुसता उठून बागेत जायचा.

"साताऱ्याचे," ईशिताने परस्पर सांगून टाकलं. "किल्लेदार होते ते. फार जुनं घराणं आहे बाबांचं. हो ना, आई?"

सगळे श्यामलाकडे बघत होते. खरं सांगायला याहून बरी जागा आणि याहून बरी माणसं तिला पुन्हा मिळणार नव्हती, हे तिला कळत होतं.

"हो," ती म्हणाली. "फार जुनं."

ब्रॅम्लीने टोपी काढली आणि तिच्यापुढे मान लववली.

या माणसाला आपल्यापुढे वाकलेला बघायचं, याच एका हट्टावर तिने रघुवीर गेल्यानंतरची सगळी वर्षं काढली होती. आता तिला बघवेना.