मोडीच्या बदल्यात नवं यान

भंडाऱ्यातलं पितळेच्या भांड्यांचं दुकान बंद केल्यापासून वासुदेवरावांनी दिवाण धरला, तो काही सोडला नाही. त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, हे जमण्यासारखं नव्हतं. आयुष्य गल्ल्यावर गेलेलं; गिऱ्हाइकाशी हुज्जत घातल्याशिवाय घास घशाखाली उतरत नसे. मग त्या भाजीवाल्याशी घासाघीस करीत, ऑटोवाल्याशी करीत, आणि हळूहळू ते दोघेही त्या गल्लीत यायचे बंद झाले. शेवटी सून टीनाने सासूला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

टीना इंटरनेटवर एक अंतराळाचा खेळ खेळे. जगभरातली माणसं त्यात यानं उडवत, लढत आणि फुटत. टीनाही हिरिरीने लढे आणि बहुतेक वेळा फुटे.

“आई, ह्याच्यात धंदा पण करता येते,” ती म्हणाली, आणि सुलोचनाबाईंनी लगेच चष्मा पुसला.

आधी त्यांनी खाणकाम करून पाहिलं. लघुग्रह फोडायचा, धातू काढायचा. पण तिथे बोलायला चिटपाखरू नाही, म्हणून ते सोडलं. मग मालवाहतूक केली. दोनदा वाटेत लुटल्या गेल्या, आणि लुटारूंना त्यांनी ज्या शिव्या हासडल्या त्या फक्त शेजाऱ्यांनी ऐकल्या. तेव्हा सगळी यानं जिथे उतरतात अशा एका मोठ्या तळावर त्यांनी दुकान भाड्याने घेतलं. खाणवाल्यांकडून धातू घ्यायचा, कारागीर खेळाडूंकडून यानं बांधून घ्यायची आणि विकायची. लिहिण्यावाचण्याचं इंग्रजी टीना सांभाळी, भाव सासूबाई ठरवीत. दुकान चाललं. बाईंचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढला आणि घराला हायसं वाटलं.

तेवढ्यात समोर ‘किंग नाइन’ नावाच्या एका बड्या खेळाडूने दुकान थाटलं. त्याच्या टोळीत शेकडो माणसं, पैसा रग्गड. बाईंचा जो खरेदीचा भाव, त्याहून कमी त्याचा विक्रीचा. आठवडाभर बाईंच्या दुकानात माशीसुद्धा फिरकली नाही. रविवारी भाडं भरायचं होतं, आणि ते चुकलं की दुकान मालासकट जप्त, असा त्या खेळाचा नियम.

“आई, सोडून द्या ना. खेळच तर आहे,” टीना म्हणाली.

“तुह्यासाठी खेळ असंन. माह्यासाठी दुकान आहे,” सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. एक दुकान डोळ्यांदेखत गेलं होतं. दुसरंही जाणार, ह्या विचाराने त्यांना मनापासून भीती वाटत होती.

त्यांनी तळावर नजर फिरवली. जिथे तिथे मोडकी यानं धूळ खात पडलेली.

“हे कोणाचे वं?”

“ज्याचे त्याचे. दुरुस्तीले नव्या यानाएवढा पैसा लागते, म्हणून तसेच टाकून ठेवतात. हे बघा, माहे चार आहेत.”

सुलोचनाबाई खुर्चीत ताठ झाल्या. पितळेच्या दुकानात रोकड घेऊन पाण्याचा नवा गुंड घ्यायला येणारं गिऱ्हाईक किती? लोक यायचे ते भोक पडलेला गुंड, चेपलेली परात घेऊन. ती मोड वजनावर घ्यायची, वितळताना धातू कमी होतो ती घट आधीच सांगायची, आणि वरचा फरक घेऊन नवं भांडं द्यायचं. सगळा धंदा त्याच्यावर उभा होता.

“टीना, पाटी लाव. जुनं यान आणा, नवं न्या. घट शंभरात दहा, वरचा फरक तेवढा द्या.”

“असं इथे कोणीच नाही करत, आई.”

“म्हणून तर लाव म्हणते.”

पाटी लागली. दोन दिवस लोक वाचून हसून गेले. शनिवारी मात्र खेळातल्या दोन मोठ्या टोळ्या एकमेकींना भिडल्या आणि दुपारपर्यंत तळावर भंगाराचा खच पडला. लढाईने खिसे रिकामे केलेले, यानं मोडलेली, आणि नवं हवं तर आत्ताच हवं. किंग नाइनकडे माल स्वस्त होता, पण तो रोकड मागे. एक जण भीत भीत बाईंकडे आला. त्याची मोड घेतली, घट कापली, नवं यान दिलं. तो बाहेर जाऊन ओरडला असावा, कारण त्याच्यामागे जी रांग लागली ती हटेचना. घेतलेली मोड कारागिरांकडे वितळायला गेली आणि संध्याकाळी तिचीच नवी यानं दुकानात आली.

“काय गोंधळ लावला तुम्ही सासू-सुनेनं?” वासुदेवराव दिवाणावरून उठून आले. पडद्यावरची रांग पाहिली, आणि खुर्ची ओढून बसले. “त्या तिसऱ्याची मोड अर्धी गंजून आहे. वजन नीट पाहा.”

“पाहा ना मंग तुम्हीच!” बाई ओरडल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

रविवारी सकाळी भाडं भरलं, पुढच्या तीन महिन्यांचंसुद्धा. टीना टाळ्या पिटत होती, तोच पडद्यावर निरोप आला. ती वाचता वाचता थांबली.

“आई, किंग नाइन आहे. कालच्या लढाईत त्याची सगळी टोळी फुटली, दुकानातला माल आन् पैसा पण त्यातच गेला. विचारून राहिला, आमची पण मोड घेता का? ह्याची घट शंभरात पन्नास कापू ना? लय सतावलं ह्यानं.”

वासुदेवरावही बायकोकडे पाहायला लागले. सुलोचनाबाईंनी पदर खोचला.

“घट सगळ्याईले एकच. शंभरात दहा,” त्या म्हणाल्या. “आन् त्याले सांग, भाऊ, लायनीत लागा.”

टीनाने ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. मग तळावरच्या सगळ्यात मोठ्या टोळीचा राजा आपलं मोडकं यान ओढत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, आणि सुलोचनाबाईंनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.