रंगाखालचं लाकूड

मित्रांनो, मी जुना पेचकस आहे खरा, पण गेल्या एक्केचाळीस वर्षांत मी एकही स्क्रू फिरवलेला नाही. ही कामचुकारपणाची कबुली नव्हे. माझा धंदाच वेगळा आहे. मी लाकडाला टोचतो आणि ते आतून कसं आहे ते सांगतो. घरमालकांना माझा हा स्वभाव आवडत नाही. आवडावा म्हणून मी तो बदललेलाही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे हजारो त्याच दिवशी जन्मले, त्यामुळे वाढदिवसाचं कौतुक नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या पश्चिमेला, एकसारख्या दीडमजली घरांच्या वस्तीत, मार्व्हिन गोरेकी नावाच्या सुताराने मला दुकानातून उचललं. त्याचं काम ठरलेलं होतं. लोकांच्या घराभोवतीची लाकडी कुंपणं आणि मागच्या दाराला लागून उभे केलेले लाकडी ओटे, म्हणजे डेक, बांधायचे आणि मोडले की दुरुस्त करायचे.

पहिल्याच महिन्यात त्याने कुंपणाची एक अडकलेली फळी माझ्या टोकाने उचकटायला घेतली. फळी निघाली, माझं टोकही निघालं. मला वाटलं, संपलो. मार्व्हिनने मला सहाणेच्या चाकावर धरलं, ठिणग्या उडवत टोकदार केलं आणि म्हणाला, "आता झालास कामाचा."

मार्व्हिनची पद्धत सांगतो. कुंपण पाहायला गेला की तो खांबाकडे बघायचाच नाही. गुडघ्यावर बसायचा, गवत बाजूला सारायचा आणि खांब जिथे मातीत शिरतो तिथे मला खुपसायचा. "कमरेच्या वर सगळेच खांब ताठ असतात," तो मालकाला सांगायचा. मी जेमतेम पाव इंच आत गेलो तर ठीक. मुठीपर्यंत गेलो, तर मालक खोकायला लागायचे.

इतकी वर्षं माणसांची नोंद ठेवून मला काही गोष्टी कळल्या आहेत. ज्याचं लाकूड चांगलं असतं, तो मला बिनधास्त टोचू देतो आणि आत निघून जातो. ज्याचं कुजलेलं असतं, तो शेजारी उभा राहून हवामानाबद्दल बोलतो. या वस्तीत आणखी एक रिवाज आहे. कुंपणाची गुळगुळीत बाजू नेहमी शेजाऱ्याकडे आणि रस्त्याकडे, आडव्या पट्ट्या आणि खिळ्यांची टोकं आपल्याकडे. पहिल्यांदा मला वाटलं, काय उदार लोक आहेत! पुढे लक्षात आलं, रस्त्यावरून दिसते तीच बाजू उदार असते.

मार्व्हिन काम झालं की मला पँटला पुसून शर्टच्या खिशात ठेवायचा. "हा खोटं बोलत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. यापेक्षा मोठी शाबासकी मला मिळालेली नाही, आणि खरं सांगू, मी तिची वाटही पाहायचो.

मग त्याची पाठ धरली. धंदा त्याच्या मुलीकडे, लोरेनकडे आला. लोरेन बारा वर्षं बापाबरोबर राबलेली, हात त्याच्यापेक्षा सफाईदार. तिने ओल मोजण्याचं एक छोटं यंत्र आणलं. त्याला दोन सुया, वर आकडा. सुया लाकडाला टेकवायच्या, आकडा वाचायचा. माझी रवानगी गाडीच्या दारातल्या कप्प्यात झाली. तिथून मला बाहेर काढायचे ते फक्त रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायला. माझ्या अंगावर तीन रंग वाळले आहेत. दोन तपकिरी आणि एक असा हिरवा, की ज्याने निवडला त्याचं नाव मी सांगणार नाही.

मित्रांनो, रुसायचा मला अधिकार होता. पण मी धातूचा आहे, रुसलो तरी कोणाला दिसत नाही.

तर तो गुरुवार. हॅरल्ड विट्टमन यांच्या घरचं काम. हॅरल्ड म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, टापटिपीचे गृहस्थ. शनिवारी त्यांच्या आणि डोलोरेसच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. चाळीस पाहुणे येणार होते. त्या घरात दर पाच वर्षांनी सगळं गोत डेकवर, मागच्या दारापाशी दाटीवाटीने उभं राहून फोटो काढायचं. असे आठ फोटो त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर ओळीने लागलेले होते. नववा शनिवारी व्हायचा होता. लोरेनला बोलावलं होतं ते कठड्याची एक दांडी हलत होती म्हणून.

तो डेक हॅरल्डनी स्वतः बांधला होता, तिघा मेहुण्यांना घेऊन, एका शनिवार-रविवारात. मजुरी म्हणजे बिअर आणि भाजलेले सॉसेज. जमीन मागे उतरती, त्यामुळे डेकची उंची माणसाच्या डोक्याच्याही वर. दिसायला देखणा. आठवड्यापूर्वीच रंग दिलेला.

लोरेनने दांडी बसवली. मग यंत्राच्या सुया डेकच्या वरच्या फळ्यांना टेकवल्या. आकडा उत्तम. हॅरल्ड म्हणाले, "बघ! दर मे महिन्यात पाण्याच्या यंत्राने धुतो. एक वर्ष चुकलेलं नाही."

लोरेन डेकखाली गेली आणि मान वर करून बघत राहिली. डेकचं घराकडचं सगळं वजन ज्या आडव्या फळीवर असतं, ती भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती. नव्या रंगातून प्रत्येक खिळ्याखाली चहासारखा डाग उतरला होता.

"मिस्टर विट्टमन, ही फळी मला तपासायची आहे."

"वरून तपासलीस की."

"वरच्या फळ्या तपासल्या. ही नाही."

हॅरल्ड खाली आले आणि त्या फळीसमोर हात पसरून उभे राहिले. "हिला भोक पाडायचं नाही. शनिवारनंतर पाड हवी तेवढी. अगं, परवा फोटो आहे!"

"फोटोत ही फळी येते का? ही तर खाली आहे."

"मला माहीत असतं ना ती कुठे आहे! तुझा बाप असता तर दांडी ठोकून, बिअर पिऊन एव्हाना घरी गेला असता."

"माझा बाप असता तर त्याने आधी भोक पाडलं असतं आणि मग तुम्हाला नमस्कार केला असता."

"पंचेचाळीस वर्षं उभा आहे हा डेक!"

"म्हणूनच विचारते आहे."

हॅरल्ड हलेनात. लोरेन गाडीपाशी गेली. कप्प्यात हात घातला तेव्हा मला वाटलं, आणखी एक डबा. पण तिने मला पँटला पुसलं.

इतक्यात बटाट्याच्या सॅलडचं घमेलं कडेवर घेऊन डोलोरेस जिन्यावरून खाली आली. नवऱ्याला हात पसरून उभं पाहून म्हणाली, "काय रे, पोलीस आलेत का?"

"ही आपल्या डेकला भोक पाडते म्हणते!"

"कशाला गं?"

लोरेनने सरळ सांगितलं. "मिसेस विट्टमन, शनिवारी चाळीस माणसं बरोबर या फळीच्या वर उभी राहणार. ही आतून धड आहे की नाही, मला माहीत नाही. यांनाही माहीत नाही."

"मला माहीत आहे!" हॅरल्ड.

"तुला भट्टीतलं सॉसेज शिजलंय का तेसुद्धा मलाच विचारावं लागतं," डोलोरेस म्हणाली. घमेलं तिने नवऱ्याच्या हातात दिलं. आता ते घमेलं धरणार की फळी? हॅरल्डनी घमेलं धरलं. डोलोरेसने लोरेनपुढे हात केला. "आण ते इकडे. पन्नास वर्षं याचं ऐकलं. दोन मिनिटं लाकडाचं ऐकते."

तिने मला धरलं ते भाजी चिरायच्या सुरीसारखं. माझी काही तक्रार नाही. रंगाचा पापुद्रा मला लागला, कडक आणि चकचकीत. त्याच्या मागे काहीच नव्हतं. मी मुठीपर्यंत आत गेलो, जोर न लावता. तिने मला बाहेर ओढलं तेव्हा माझ्या मागोमाग काळं पाणी आलं. फळीवरून ओघळून ते हॅरल्डच्या बुटाजवळ ठिबकू लागलं.

हॅरल्ड घमेलं धरून उभे होते.

"पण मी धुतो," ते शेवटी म्हणाले. "दर मे महिन्यात. एक वर्ष चुकलं नाही."

लोरेनचा आवाज खाली आला. "तेच झालंय, मिस्टर विट्टमन. यंत्राचं पाणी जोराने फळीच्या मागे शिरतं. वर पत्र्याची पट्टी नाही, म्हणून अडत नाही. बाहेर पडायला वाट नाही. वरचं ऊन लागून वाळतं. मागचं वाळतच नाही."

"म्हणजे आंघोळी घालून घालून मारलास की त्याला," डोलोरेस म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिने घमेलं परत घेतलं आणि मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं. "चल. गवतावर टेबलं लावायची आहेत."

लोरेनने त्याच संध्याकाळी डेकखाली दोन भक्कम टेकू दिले आणि मागच्या दाराला आडवी फळी मारली. शनिवारी जेवणं गवतावर झाली. नववा फोटोही गवतावर निघाला. त्यात सगळे हसताहेत, हॅरल्ड सोडून. ते डेककडे बघताहेत.

सोमवारी डेक पाडायला लोरेनने कठडा उतरवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि दोन्ही टेकूंना दोर बांधून ते दुरूनच ओढले. वर कोणीही नव्हतं. खुर्चीसुद्धा नव्हती. डेकची घराकडची बाजू क्षणभर तशीच राहिली. मग खिळे एकामागून एक आवाज न करता बाहेर आले आणि ती सगळी बाजू धाडकन खाली बसली. धूळ दाराच्या काचेपर्यंत उडाली.

हॅरल्ड धूळ बसेपर्यंत थांबले. मग ते हळूहळू नावं घेऊ लागले. "ईडिथ. बर्निस. तिचा नवरा. रॉलंड. रॉलंडची दोन्ही लेकरं..." फोटोसाठी दारापाशी कोण कुठे उभं राहतं, हे त्यांना पाठ होतं. शेवटचं नाव डोलोरेसचं होतं. ते त्यांनी घेतलं नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं.

नवी फळी बसवताना तिचं दुसरं टोक हॅरल्डनी धरलं. या वेळी आरपार बोल्ट, वर पत्र्याची पट्टी, भिंत आणि फळी यांच्यात पाण्याला उतरायला जागा. प्रत्येक बोल्ट त्यांनी दोनदा आवळून पाहिला. लोरेनने एकदाही हटकलं नाही. मी तिच्या शर्टच्या खिशातून सगळं बघत होतो.

मित्रांनो, ओल मोजणाऱ्या यंत्राचा मला राग नाही. ते बिचारं जिथे टेकवतात तिथलं खरं सांगतं. हॅरल्डनी हेळसांडही केली नाही. इतकी निगा या वस्तीत दुसऱ्या कोणी ठेवली नसेल. ती फक्त दिसणाऱ्या बाजूची होती. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घराची गच्ची, सज्जा, जिना, झोपाळ्याची कडी, जिथे तुमची माणसं विश्वासाने भार टाकतात, तिथे एकदा वाकून खालून बघा. घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कशाने धरलंय? "आत्ताच रंग दिलाय" असं उत्तर आलं, तर नम्रपणे पुन्हा विचारा.