कडू वेलाचा तुंबा

मी तुंबा बोलतोय. वाळलेला भोपळा म्हणा हवं तर, मला राग नाही. पोटात हवा, हवेत खुळखुळणाऱ्या बिया आणि गळ्यात दोरी, एवढीच माझी इस्टेट. पाण्यावर तरंगायचं आणि ज्यानं कमरेला बांधलं त्याला तरंगत ठेवायचं, याखेरीज जन्मात मी दुसरं काही केलं नाही. सारं आयुष्य लाटांवर डुलण्यात गेल्यामुळे मला सगळं जग जरा पेंगतच दिसतं. सांगता सांगता मध्येच डुलकी लागली तर सांभाळून घ्या.

आरमोरीजवळच्या एका गावात, तलावाच्या बांधाला, म्हणजे पाळीला, लागून सोमाजी ढिवराचं घर आहे. त्या कौलारू घराच्या कवेलूंच्या छपरावर माझा जन्म झाला. वेल सोमाजीच्या बायकोनं, इंदिराबाईनं लावलेला. बी तिनं लग्नात पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं, थेट सिरोंचाकडच्या माहेराहून. आमची जात कडू. शेजारच्या मांडवावरचे गोड भोपळे कौतुकानं चिरले गेले, आमच्या वाटेला कुणी गेलं नाही, म्हणून आम्ही वेलावरच म्हातारे झालो. पुढं मला चुलीच्या वर टांगलं. धुरानं माझी कातडी टणक झाली, आणि एके दिवशी सोमाजीनं मला खाली काढून बोटांनी वाजवलं, कानाशी धरून हलवलं. आतल्या बिया खुळखुळल्या.

"हा माया," तो म्हणाला. त्याच्या बोलीत माया म्हणजे माझा.

तेव्हापासून रोज सकाळी तलावात उतरण्याआधी तो मला कानाशी हलवायचा. बियांनी ओ दिली की मगच पाण्यात पाय टाकायचा. जाळं लावायचं असो की शिंगाडे काढायचे असोत, मी त्याच्या कमरेला. मला ती कंबर माझ्या देठापेक्षा ओळखीची झाली.

बियांबरोबर इंदिराबाईनं माहेरची एक रीतही आणली होती. एका माणसाचा एकच तुंबा. तो दुसऱ्या कुणी फोडायचा नाही. माणूस पाणी सोडेल त्या दिवशी त्यानं तो आपल्या हातानं दगडावर फोडायचा आणि बिया घरच्या लेकीच्या पदरात घालायच्या. त्यानंतर पुन्हा खोल पाण्यात उतरायचं नाही. इंदिराबाईच्या बापानं तिच्या लग्नाच्या वर्षी गोदावरीकाठी कालेसरच्या घाटावर आपला तुंबा असाच फोडला होता. मी त्याच बियांच्या वंशातला, आणि खरं सांगायचं तर शेवटचा. कारण पुढं अमर, म्हणजे सोमाजीचा मुलगा, कमावता झाला. कवेलू उतरले, सिमेंटचा स्लॅब आला आणि वेल निघाला तो निघालाच.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. शिंगाडे काढता काढता भर तलावात सोमाजीला चक्कर आली. त्याचे हात सैल सुटले, मान कलली. मी काय करणार? मला फक्त तरंगता येतं. मी तरंगत राहिलो. वाऱ्यानं आम्हा दोघांना हळूहळू पाळीकडे ढकललं, तिथं लोकांनी त्याला ओढून काढलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं की चक्कर पुन्हा कधीही येऊ शकते, पाणी बंद.

सोमाजी कसला ऐकतोय.

"बाबा, डॉक्टरनं का सांगतलं?" अमर विचारायचा.

"डॉक्टर कधी शिंगाडे काढाले आला होता काय?"

सून साधना गावात आशाताई म्हणून काम करते. ती वाद घालायची नाही. तो तलावाकडे निघाला की हातातलं काम टाकून पाळीवर जाऊन उभी राहायची आणि तो बाहेर येईपर्यंत तिथून हलायची नाही. तिला स्वतःला पाण्याची भारी भीती. विहिरीत वाकून बघणंही तिला जमत नाही.

आणि मला जे ठाऊक होतं ते घरात आणखी कुणालाच ठाऊक नाही, असं मला वाटत होतं. त्या चकरेपासून दोरी बांधताना सोमाजी गाठ दोनदोनदा ओढून बघायचा. पाण्यात उतरला की पोट आत ओढून घेई. तो भ्यायला होता. पण पाणी सोडलेला ढिवर म्हणजे कोण, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून भीती गिळून तो रोज उतरत होता. "यंदाचे शिंगाडे काढू, मंग पाहू," असं मला एकट्याला सांगायचा.

दसरा झाला. शिंगाड्याचा हंगाम तोंडावर आला. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले आणि एक दिवस जेवता जेवता इंदिराबाई म्हणाली, "मले कालेसरले जाचं हाये. धबधबा बी पाहाचा हाये. जन्म पान्याच्या काठी गेला, पन पानी वरून पडताना मी कधी पायलं नाई."

अमरनं मित्राची गाडी मागून आणली. सोमाजी यायला कुरकुरत होता, पण बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. निघताना त्यानं मला बगलेत मारलं.

"बाबा, तुंबा काऊन घेता?"

"घरी एकटा का करन तो?"

साधना तोंडाला ओढणी लावून हसली. अमरनं कपाळावर हात मारला आणि गाडी सुरू केली.

गाडीचा प्रवास मला फार आवडला. सोमाजीच्या मांडीवर पडल्या पडल्या रस्ता मला पाण्यासारखाच वाटत होता, फक्त ओला नव्हता. कापणीला आलेले धान मागे पडले. मार्कंड्याला थांबलो. देवळाच्या दगडी मूर्ती बघून झाल्यावर सोमाजी घाटावर उभा राहून वैनगंगेकडे बघत राहिला.

"हे आपल्या गावाकडचंच पानी," तो म्हणाला.

"हेच कालेसरले जाते," इंदिराबाई म्हणाली.

मग अल्लापल्लीचं सागवान सुरू झालं. काचेवरून सावल्या सरकत होत्या, अमर गाणं गुणगुणत होता, आणि मी बहुतेक झोपलो. जाग आली तेव्हा आम्ही सिरोंचा ओलांडून मोठ्या पुलावर होतो. खाली दोन नद्यांचं पाणी एक होत होतं. पुलापलीकडे कालेसरचं शिखर दिसलं, पण इंदिराबाई म्हणाली, "आधी बाकीचं पाहून घेऊ. कालेसर येताना." तिच्या मनात काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही.

पुढं चहाला थांबलो तिथं ती टपरीवाल्याशी तेलुगूत बोलायला लागली. बोलायला म्हणजे, नुसता धबधबाच. हसत काय होती, हातवारे काय करत होती. अमरचा चहा हातातच राहिला.

"माय, तुले एवढं येते?"

"मले हेच येत होतं. मराठी तं तुमच्या घरी येऊन शिकली."

सोमाजी तिच्याकडे बघतच राहिला. एवढी वर्षं संसार केला आणि ही बाई स्वतःची भाषा सोडून आपल्या घरी येऊन राहिली, हे बहुधा त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यानं गुपचूप तिच्या बशीत आपल्यातलं बिस्किट ठेवलं.

रामप्पाचं देऊळ पाहिलं. काळ्या दगडातल्या बाया नाचता नाचता थांबल्यासारख्या उभ्या. तिथं एक माणूस सांगत होता की या शिखराच्या विटा पाण्यावर तरंगतात. मला काही हे रुचलं नाही. विटेनं भिंतीत बसावं, तरंगायला आम्ही आहोत. पण माझं कोण ऐकतंय.

देवळाजवळच मोठा तलाव आहे, चहूकडे टेकड्या आणि मध्ये नुसतं झोपाळलेलं पाणी. नावेत बसायचं ठरलं. नावाड्यानं सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली. सोमाजी जाकीट घालेना. "माया तुंबा हाये," एवढंच म्हणत राहिला. इंदिराबाईनं तेलुगूत समजावलं तेव्हा नावाड्यानं मला हातात घेतलं आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"सोरकाय बुर्रा," तो म्हणाला, म्हणजे तुंबाच. मग इंदिराबाईनं त्याचं बोलणं सांगितलं, "त्याच्या बापाचा होता म्हने असा. आता घरी भित्तीले टांगून हाये. बाप मेला, तुंबा रायला."

"त्याले विचार, वाजते का तो?" सोमाजी म्हणाला.

नावाड्यानं नकारार्थी मान हलवली. कुणी कधी हलवून पाहिलंच नव्हतं. मागं भोक पाडून किडे आत गेले होते, तेवढं त्याला ठाऊक होतं.

सोमाजीनं मुकाट्यानं जाकीट चढवलं. जन्मात पहिल्यांदा तो वल्हं न मारता नावेत बसला. तलावभर फिरून येईपर्यंत त्याचा एक हात पाण्यात होता आणि दुसरा माझ्यावर. भिंतीवरच्या त्या मुक्या तुंब्याचा विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता, आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी बोगता धबधबा. आवाज आधी आला, पाणी नंतर दिसलं. रुंद काळ्या खडकावरून पांढरं पाणी उतरत होतं, तुषारांनी झाडं धुरकट झाली होती. इंदिराबाई एका दगडावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. अमर मोबाइलवर तिचे फोटो काढत होता. खाली डोहात खोल पाण्याआधी एक दोरी ताणलेली होती आणि लोक तिच्या अलीकडे डुंबत होते.

सोमाजीनं सदरा काढला. मला कानाशी हलवलं, कमरेला बांधलं आणि पाण्यात उतरला. त्याला स्वतःलाच काहीतरी दाखवून द्यायचं होतं. पाणी छातीला लागलं. दोरी समोर आली, आणि तो ती उचलून पलीकडे जाणार एवढ्यात मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

साधना होती. पंजाबी ड्रेससकट गळ्यापर्यंत पाण्यात. ओठ निळे पडलेले.

"सूनबाई, तुले पोहता येत नाई. जा मांगं."

"तुमी जाता तं मी बी येतो, मामाजी. पाळीवर उभी राहून राहून मी थकली आता."

ती ओरडली नाही, रडली नाही. तिचे पाय खालच्या गोट्यांवरून घसरत होते आणि तरी ती मनगट सोडत नव्हती. सोमाजीनं तिच्या घसरणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग त्यानं माझी गाठ सोडली आणि मला तिच्या काखेत दिलं. तिचं वजन माझ्यावर आलं तसा मी जरा दबलो आणि पुन्हा वर आलो. एवढं मला येतं.

आता सोमाजीच्या कमरेला काहीच नव्हतं. आणि तिथं, तेवढ्याशा पाण्यात, त्याला पुढचं पाऊल टाकवेना. मी साधनाजवळ होतो तरी मला ते कळलं. त्यानं तिचा खांदा घट्ट धरला.

"मले भेव लागून राह्यलं पोरी," तो म्हणाला. "मांगच्या हिवाळ्यापासून लागते."

"मले ठाव हाये," साधना म्हणाली. "चाला."

तिनं मला धरलं, त्यानं तिला धरलं, आणि आम्ही तिघं पावलापावलानं काठाला आलो. अमर धावत आला. बापाच्या अंगावर टॉवेल टाकून तो तिथंच शेजारी बसला.

येताना कालेसरला थांबलो. एकाच बैठकीवरच्या दोन पिंडींना हात जोडून झाले. मग इंदिराबाई पुढं आणि आम्ही मागं, असे घाटावर उतरलो. तिनं एक दगड दाखवला. "माया बाप इथीच बसला होता," म्हणाली, आणि बाजूला झाली. 

सोमाजी त्या दगडावर बसला. समोर आमच्याच गावाकडचं पाणी येऊन गोदावरीत मिसळत होतं. त्यानं मला कानाशी नेलं आणि हलवलं. मी जेवढं वाजता येईल तेवढं वाजलो.

"लेक तं नाई आपल्याले," तो म्हणाला.

"मंग हे कोन हाये?" इंदिराबाईनं विचारलं.

साधनानं ओढणी पसरली.

दुखलं का, म्हणाल तर नाही. दगडावर एकदाच ठक्क झालं, आणि आमच्या जुन्या छपरावरची हवा इतक्या वर्षांनी मोकळी झाली. थोडा चुलीच्या धुराचा वासही आला असावा, कारण इंदिराबाईनं डोळे मिटून तो आत ओढून घेतला. बिया ओढणीत पडल्या. सोमाजी रडला. लपवलं नाही त्यानं, पोरासमोर आणि सुनेसमोर पोटभर रडला आणि मग नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं.

आता माझ्या दोन करवंट्या आहेत. एक तांदळाच्या पिंपात पडून असते, तांदूळ काढायला. दुसरीत साधनानं जूनमध्ये बिया भिजवल्या होत्या. जुन्या बिया, उगवतील याची कुणालाच खात्री नव्हती. एकच उगवली. सोमाजीनं स्लॅबवर बांबूचा मांडव घातला. आता तो पाळीवर असतो, पण नुसता बसत नाही. सकाळी साधनाला पायऱ्यांजवळच्या उथळ पाण्यात पोहायला शिकवतो आणि "पाय हालव, पाय हालव," असं ओरडून साऱ्या गावाला उठवतो. पण रोज तिकडे जाण्याआधी सवयीनं पिंपातली करवंटी उचलून कानाशी नेतो. ती वाजत नाही. मग परत ठेवतो आणि जिना चढून वेलाला पाणी घालायला जातो. मला तेव्हा फार भरून येतं.

तुमच्या कुंपणावर कधी कडू भोपळ्याचा वेल चढला तर उपटू नका, एवढंच मागतो. त्याला म्हातारं होऊ द्या.

काल संध्याकाळी वेलावरचं पांढरं फूल गळून पडलं. मागं बोटाएवढा, लव असलेला भोपळा राहिला होता. साधना धुणं काढायला स्लॅबवर गेली होती, तिला तो दिसला. तिनं वाकून त्याला एका बोटानं हात लावला.

"हा माया," ती म्हणाली.

खाली तांदळात पडल्या पडल्या मी ते ऐकलं. आता जरा झोपतो.