टोचणारं दप्तर

सादाओ आजोबांनी नातीचं दप्तर पसंत केलं तेव्हा नात तिथे नव्हतीच. तिला कशाला न्यायचं? जपानातल्या ओनोमिचीच्या गोदीत उभं आयुष्य जहाजं रंगवण्यात गेलेल्या माणसाला रंगातलं कोणी काय शिकवायचं, असा त्यांचा खाक्या. मुलीचं दप्तर म्हणजे लाल. त्यातही नेमका कुठला लाल, हे त्यांनी दुकानातल्या पोरीला दारापाशी उजेडात नेऊन नीट समजावलं. ती बिचारी सगळ्याला माना डोलवत होती.

घाई करण्याला कारण होतं. पेटीसारखं ते कडक चामड्याचं दप्तर पहिलीत पाठीवर चढतं ते सहावी झाल्यावरच उतरतं, आणि ते घ्यायचं आजोळच्यांनी, अशी रीत. पण नागोयाचे व्याही भारी हौशी. नातीच्या, सुमिरेच्या पहिल्या वाढदिवसाला रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर बांधायची मोची, म्हणजे तांदळाची चिकट भाकरीसुद्धा त्यांनीच पाठवली होती, आणि ती एवढी थोरली की पोर मागच्या मागे कलंडली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि सादाओ आजोबा कोपऱ्यात धुमसत होते. त्यात गेल्या वर्षी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर ते बायकोला एकदाच म्हणाले होते, "मिचिए, सहा वर्षं मी असेन, नसेन. दप्तर तरी माझं असू दे तिच्या पाठीवर."

व्याह्यांचा फोन आला तो त्यानंतर.

"दप्तराचं आम्ही बघावं म्हणतो," व्याही म्हणाले.

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता!"

"त्रास कसला? उलट तुम्हीच उगाच दगदग करू नका."

"दगदग कसली, आनंदच आहे!"

"असं कसं, असं कसं!"

दोघेही फोनसमोर कमरेत वाकवाकून नमस्कार करत राहिले. ‘मीच घेणार’ असं सरळ म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. शेवटी आपलं म्हणणं समोरच्याला पटलं अशा समजुतीत दोघांनी फोन ठेवला.

"मग कोण घेणार म्हणे?" मिचिए आजींनी मुळा किसता किसता विचारलं.

"मी. त्यांनी आग्रह सोडला."

"असं ते म्हणाले?"

"असं म्हणतं का कुणी तोंडावर? समजून घ्यायचं असतं."

"घ्या समजून," आजी म्हणाल्या आणि मुळा पुन्हा किसू लागल्या.

थंडी सरत आली तेव्हा खालच्या गल्लीत राहणाऱ्या लेकीचा, चिनात्सुचा फोन आला. "बाबा, जरा येऊन जा. घोळ झालाय."

बैठकीत दोन खोकी उघडी पडली होती. एकात आजोबांचं लाल. दुसऱ्यात नागोयाचं, फिकट आकाशी, कडेनं बारीक चंदेरी टाक्यांचं. आजोबांनी त्या आकाशीकडे बघितलं आणि रंगात खोट काढायला त्यांना काही सापडेना, म्हणून ते आणखीच चिडले.

"नागोयाच्या सासूबाईंनी सुमिरेला फोनवर विचारून घेतलंय ते," चिनात्सु हळूच म्हणाली.

"विचारून? एवढ्याशा पोरीला? आज आकाशी म्हणेल, उद्या जांभळा म्हणेल!"

सुमिरे दोन खोक्यांच्या मधोमध गुडघे मुडपून बसली होती. "दोन्ही छान आहेत," ती म्हणाली. मग तिनं मान वर करून आजोबांचा चेहरा नीट निरखला. "मी आजोबांचं लाल नेईन."

आजोबा असे काही फुलले की विचारू नका. त्या दिवशी घरी जाताना ते चढणीवर एकदासुद्धा थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टे जुळवायच्या निमित्तानं ते लाल दप्तर घरी आणलं. शाळा डोंगरावर, वाट सगळी पायऱ्यांची. भरलेलं दप्तर खांद्याला कसं बसतं हे घातल्याशिवाय कसं कळणार? त्यांनी आत तांदळाच्या पिशव्या भरल्या, पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केले, कसेबसे हात घुसवले आणि निघाले शाळेच्या वाटेनं. कोपऱ्यावरच्या होसोदाबाई दारात झाडत होत्या. त्यांनी झाडू थांबवला.

"अगं बाई! सादाओसान, यंदा कितवीत?"

"पहिलीतच," आजोबा गुरगुरले. "पुन्हा नापास झालो."

"डबा नेलात का?"

आजोबा तरातरा पुढे निघाले. पण ती गंमत संध्याकाळपर्यंत सगळ्या चढणीला कळली होती.

शाळेपर्यंत जाऊन ते परतले. दप्तर उत्तम होतं, कुठे टोचत नव्हतं, काही नाही. लेकीला तसं सांगावं म्हणून ते खालच्या गल्लीत वळले. बैठकीची खिडकी अर्धवट उघडी होती. आत सुमिरे आरशासमोर उभी होती, पाठीवर आकाशी दप्तर. आरशात शाळेतल्या बाईच आहेत असं समजून ती वाकून नमस्कार करत होती, मग वळून स्वतःची पाठ बघत होती, मग पुन्हा नमस्कार. थोड्या वेळानं तिनं दप्तर उतरवलं, बाहीनं पुसलं, खोक्यात ठेवलं आणि झाकण लावता लावता त्याला म्हणाली, "आजोबांना सांगू नकोस हं."

खिडकीबाहेर आजोबा तांदळाचं ओझं घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना एवढी लाज वाटली की कान तापले. सहा वर्षं तिच्या पाठीवर राहायचं होतं त्यांना. पण असं, ओझं होऊन? त्यांना खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त त्या पोरीचं कौतुक वाटलं.

मग ते धाडकन दार सरकवून आत शिरले.

"चिनात्सु! फसवलं मला त्या दुकानदारानं! टोचतंय हे दप्तर!"

"काय? कुठे?"

"इथे, खांद्यात! शाळेपर्यंत जाऊन आलोय, विचार त्या होसोदाबाईला. माझ्या नातीच्या पाठीवर हे चढवायचं नाही. तिला नागोयाचंच न्यावं लागेल, काय करणार आता!"

चिनात्सुनं बापाकडे बघितलं, शेवटच्या भोकापर्यंत ताणलेल्या पट्ट्यांकडे बघितलं आणि हसू दाबत स्वयंपाकघरात निघून गेली.

सुमिरे जवळ आली. "खरंच टोचतं, आजोबा?"

"भयंकर."

"खूप दुखलं?"

"तुला काय सांगू!"

तिनं त्यांचा खांदा दोन्ही हातांनी चोळून दिला. चोळताना तिचं तोंड आनंदानं फुललं होतं आणि ते लपवायचा तिचा प्रयत्न काही जमत नव्हता. आजोबांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

घरी मिचिए आजींनी सगळं ऐकून घेतलं. "आता ते लाल तुम्हीच वापरा," त्या म्हणाल्या. "मासळी आणायला बरं पडेल." पण जेवताना त्यांनी न विचारता नवऱ्याच्या वाटीत टोफूचा मोठा तुकडा घातला.

आजोबांनी नातीला मग एक भोंगा आणला. दप्तराच्या पट्ट्याला छातीपाशी लावायचा, दोरी ओढली की केकाटणारा. सगळ्याच मुलांकडे असतो तसा.

"भीती वाटली की ओढायचा," त्यांनी समजावलं.

"ओढला की कोण येतं?"

"मी येतो."

"छाती दुखत असली तरी?"

"आधी येतो, मग दुखेल."

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली, आणि बाईंनी पहिलीच्या सगळ्या मुलांना पिवळीधमक कव्हरं वाटली. गाड्यांना लांबून दिसावं म्हणून वर्षभर दप्तरावर चढवायची. झालं! ज्या रंगावरून एवढं रामायण घडलं तो झाकला गेला. पाठमोरी सगळी पोरं सारखीच दिसायची. होसोदाबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "लाल काय नि आकाशी काय!" आजोबांनी मात्र बारकाईनं बघून ठेवलं होतं. कडेनं आकाशी दिसत होतं, आणि सुमिरे चालताना ती कड हातानं चाचपत होती.

आजोबांनी रस्ता ओलांडून देणाऱ्या म्हाताऱ्यांत नाव घातलं. सकाळी पायथ्याच्या चौकात पिवळा झेंडा घेऊन ते उभे राहत. एके दिवशी सुमिरेची टोळी, पुढे सहावीतली ताई आणि मागे चिल्लीपिल्ली, रस्ता ओलांडून पायऱ्या चढू लागली. सुमिरेनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आजोबांना ते जरा लागलंच.

ती वळणाआड गेली आणि भोंगा केकाटला.

आजोबांनी झेंडा टाकला आणि ते पळत सुटले. डॉक्टरांनी जोरात चालूही नका म्हणून बजावलेला माणूस तो! एक बूट खालीच राहिला. पायऱ्यांच्या वळणावर टोळी खोळंबली होती, ताई गोंधळून गेली होती, आणि मधोमध सुमिरे हातात दोरी धरून अगदी शांत उभी होती.

"काय... काय झालं?" आजोबांना श्वास पुरेना.

"काही नाही. येता का ते बघत होते."

तिनं दोरी जागच्या जागी खोचली. भोंगा गप्प झाला. मग तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं, बूट नसलेल्या पायाशी थोडी रेंगाळली, आणि समाधानानं मान हलवून वर निघाली.

"आजोबा," पायऱ्या चढता चढता ती म्हणाली, "उद्यापासून दोन्ही बूट घट्ट बांधून या."